डावीकडची सीट

६ जानेवारी, सोमवार

बावीस वर्षं तोफेची वही लिहिली. कुठल्या दिवशी किती गोळे गेले, नळी कुणी साफ केली, कोण हजर, कोण आजारी. त्या वहीत ‘मला वाटतं’ असं लिहायची सोय नव्हती. या वहीत आहे. खरं तर लिहायची सवय सुटत नाही, एवढंच कारण. बाकी सगळं सुटलं.

आजपासून मी मोटारी विकणार. शोरूमला तिन्ही बाजूंनी काच, आत सहा गाड्या, आणि फरशी अशी चकचकीत की पहिल्याच पावलाला घसरता घसरता वाचलो. गळ्यात टाय. सकाळी बायकोने गाठ मारून दिली. म्हणाली, "अहो, जरा हलू नका. इतकी वर्षं सावधानमध्ये उभे राहून शिकलात काय?"

आम्ही चौघं शिकाऊ आहोत. तीन महिने बघणार आणि शेवटी एकालाच कायम करणार. मॅनेजरने हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं, ते आवडलं मला. त्याच्या केबिनबाहेर पांढरा फळा आहे, त्यावर चार रकाने. गाडी विकली की आपल्या रकान्यात एक उभी रेघ.

बाकीच्या तिघांत एक बाई आहेत, पस्तिशीच्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या, ती शाळा बंद पडली. घरात त्या आणि त्यांची लहान मुलगी, तिसरं कुणी नाही. दुपारपर्यंत त्यांचं नाव मास्तरीण पडलं होतं. दुसरा चोवीस वर्षांचा. कोट घालून येतो, कोट घालूनच जेवतो, म्हणून कोट. तिसरा मालकांच्या कुठल्याशा नातेवाइकाचा जावई. तो जावईबापू. मी अर्थात फौजी.

संध्याकाळी मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "आवाज जरा खाली. गिऱ्हाईक समोरच उभं असतं, पलीकडच्या डोंगरावर नाही."

"येस सर," मी म्हटलं. तेही बहुधा मोठ्यानेच झालं.

८ जानेवारी

अजून दोन वर्षं राहता आलं असतं, बढतीही समोर होती. सोडलं ते मुलीसाठी. ती बारावीला आहे. तिच्या सतरा वर्षांतली, सगळ्या सुट्ट्या जोडल्या तर, माझ्या वाट्याला जेमतेम तीन आली. आता ठरवलंय, रोज संध्याकाळी तिघांनी एकत्र जेवायचं. टेबलाशी तिची खुर्ची माझ्या उजव्या हाताला.

एक तक्रार आहे. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. शोरूममध्ये, दुकानात, घरातसुद्धा. तोफखान्यात माणूस बोलला की शब्द सुटा सुटा पोचायचा. इथे जो तो दुसऱ्याला गुपित सांगत असल्यासारखा.

टीव्हीवरून बायकोशी आज पुन्हा वाजलं. तिला आवाज सहन होत नाही, मला ती ठेवते त्या आवाजात बातम्या देणाऱ्याचे नुसते ओठ दिसतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

पहिली रेघ!

जनावरांचे डॉक्टर होते. टेस्ट ड्राइव्हला चला म्हटलं, तर म्हणाले, "मेव्हण्याकडे हीच गाडी आहे, चालवून बघितलीय. तुम्ही फक्त रंग दाखवा." समोरासमोर उभे राहून वीस मिनिटांत काम झालं. त्यांनी विचारावं, मी सांगावं. माहितीपत्रक पाठ केल्याचं सार्थक झालं.

कोट दुपारी उगाच चिडला. "तीन हाका मारल्या, फौजी! ढिम्म हलला नाहीत." मारल्या असतील. मी फळ्याकडे बघत होतो.

२२ जानेवारी

दिवसभर विक्री नाही. दोन टेस्ट ड्राइव्ह, दोन्ही गेल्या.

जेवताना मुलगी कॉलेजचं काहीतरी सांगत होती, बराच वेळ. दमलो होतो. मान डोलावली, म्हटलं, "हो, हो, उत्तम." तर ती खुर्चीवरून उठून माझ्या गळ्यातच पडली. बायको डोळे मोठे करून बघत राहिली. मुलींचं काही कळत नाही. पण फार बरं वाटलं. याचसाठी तर आलो.

१ फेब्रुवारी, शनिवार

महिन्याचा हिशोब फळ्यावर. मास्तरीण पाच, कोट तीन, मी दोन. जावईबापूंचा भोपळा. परवापासून ते येतच नाहीत, मॅनेजरने आज त्यांचा रकाना पुसला. म्हणजे उरलो तिघं.

दुपारच्या जेवणाआधी बसून महिन्याभराच्या नोंदी काढल्या. मी अकरा जणांना टेस्ट ड्राइव्हला नेलं. अकरातल्या एकानेही गाडी घेतली नाही. ज्या दोन विकल्या त्या दोन्ही गिऱ्हाइकांनी गाडी चालवून बघितलीच नव्हती. हा योगायोग नाही. गोळे सारखे एकाच बाजूला पडायला लागले की आम्ही तोफेला शिव्या देत नसू, माप तपासत असू.

तपासलं. निष्कर्ष असा की उभ्या गाडीबद्दल मला भरपूर माहिती आहे, चालत्या गाडीबद्दल कमी. इंजिनाचा अभ्यास वाढवायला हवा. वर्कशॉपच्या फोरमनकडे रोज सकाळी एक तास जायचं ठरवलं. तो म्हणाला, "सेल्सवाला पहिल्यांदाच इकडे आला."

५ फेब्रुवारी

मॅनेजरने बोलावलं. कालच्या गिऱ्हाइकाची तक्रार आहे. म्हणे, "तुमचा माणूस शिष्ट आहे. मी विचारतोय एक, तो त्याचंच पुराण लावून बसलाय."

शिष्ट! मी! उलट सबंध रस्ताभर मी अखंड बोलत होतो. टॉर्क, क्लच, ब्रेक, काही म्हणून सोडलं नाही. तो बाबा सिग्नलला उगाच माझ्याकडे टक लावून बघायचा, मग मी आणखी सांगायचो.

वाईट वाटलं, पण रडत बसायला आलेलो नाही. उद्यापासून अजून अर्धा तास आधी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टेस्ट ड्राइव्हमधून पहिली विक्री. अखेर!

साठीच्या बाई, ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसल्यामुळे असेल, आवाज एकदम पिसासारखा. गाडी मात्र झकास चालवतात. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, तो चाकाच्या खुर्चीवर असतो, एवढं त्यांनी शोरूममध्ये सांगितलं होतं. मास्तरणीला नवा रस्ता बघायचा होता म्हणून ती मागे बसली. बाईंनी पुलाच्या चढावर, मग वळणावर माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, मी उत्तेजन दिलं. परत आल्याबरोबर बुकिंग केलं. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला.

फोरमनला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी इंजिनाचं काय विचारलं?" आठवेना. काही विचारलं नसावं. पण आत्मविश्वास माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो, तो कामी आला.

मास्तरीण परतताना माझ्याकडे दोन-तीनदा बघत होती. तिलाही थोडी धाकधूक वाटू दे.

१९ फेब्रुवारी

मास्तरीण आठ, कोट सहा, मी चार. लढत आहे अजून.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हे नीट लिहायला हवं.

आज ग्रंथपालबाईंना गाडी द्यायची होती. टपावर लाल फीत बांधली होती. त्या नवऱ्यालाही घेऊन आल्या. ते दाराशी खुर्चीत बसून बघत होते, अंगात इस्त्रीचा शर्ट. बाईंनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, खुर्ची घडी घातली आणि डिकी उघडली. खुर्ची मावेना. आडवी नाही, उभी नाही, तिरकी नाही. मी, कोट, वॉशिंगचा माणूस, तिघांनी खटाटोप केला. मागची सीट पाडली तरच आत जाते, आणि मागच्या सीटवर त्यांना सांभाळणारी मुलगी बसते.

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं. दोनदा."

"नाही विचारलंत."

"पुलावर विचारलं. मग वळणावर विचारलं. मागची सीट न पाडता खुर्ची मावेल ना?"

"बाई, मला असं काहीही विचारलेलं नाही!" माझा आवाज चढला. शोरूममधली सगळी डोकी वळली. त्यांचे यजमान गाडीतून हात हलवून ‘राहू दे, राहू दे’ करत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. ते बघून मला जास्तच लागलं. बावीस वर्षांत मला कुणी खोटारडा म्हटलेलं नाही.

तेवढ्यात मास्तरीण माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "फौजी, त्यांनी विचारलं होतं. मी मागे होते. तुम्ही म्हणालात, ‘हो, हो, आरामात.’"

मी तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच की माझ्या रेघा तुझ्या डोळ्यांत खुपतात असं म्हटलं. गाडी शोरूममध्येच राहिली, ती दोघं टॅक्सीने परत गेली. मॅनेजर म्हणाला, "घरी जा. शुक्रवारी बोलू."

घरी आलो तर टेबलावर मुलीने एक फॉर्म माझ्या सहीसाठी ठेवलेला. हॉस्टेलचा. इथून रात्रभराच्या प्रवासावरचं शहर, हवामानशास्त्राचा कोर्स.

"हे काय आहे? कुणाला विचारून?"

"तुम्हाला, बाबा."

"मला?"

"तुम्ही हो म्हणालात. ‘हो, हो, उत्तम’ म्हणालात. बावीस जानेवारीला. मी तारीख लिहून ठेवलीय." तिचा चेहरा पडला होता. "मी प्रवेशपरीक्षासुद्धा दिली."

मी ओरडलो की माझ्या घरात माझ्याशी खोटं बोलायचं नाही. मग ही वही आठवली. कपाटातून काढली, बावीस जानेवारीचं पान उघडलं. सगळं माझ्याच अक्षरात आहे. गळ्यात पडल्याचंसुद्धा.

वही हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. मुलगी एकदम रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, आई तुमच्याशी बोलतेय."

वळून बघितलं. बायको माझ्या उजव्या खांद्याशी उभी होती. हातभर अंतरावर.

"काय म्हणालीस?"

"तीनदा म्हणाले." तिने पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही, नुसती बघत होती. "चार वर्षं झाली या गोष्टीला. तुम्ही सुट्टीवर आलात की मी तुमच्या डाव्या बाजूला झोपते. कधी विचारलंत, का?"

मला वाटायचं, पंख्यामुळे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कानाचे डॉक्टर. एका बंद, गादीसारख्या भिंतींच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानात आवाज येत राहिले, दाबत राहिलो. मग बराच वेळ काहीच नाही. म्हटलं, यंत्र बिघडलं की काय. काचेपलीकडची मुलगी मान वर करून माझ्याकडे बघत होती, तेव्हा कळलं की उजव्या कानाची पाळी चालू आहे.

डॉक्टर म्हणाले, "डावा चांगला आहे, त्याला जपा. उजव्याची नस गेलीय. यंत्र लावून फारसा फरक पडणार नाही. कानात आवाज येतो का सतत?"

"रातकिडा ओरडतो. तो तर घरचाच झालाय."

"सैन्यात दरवर्षी तपासणी होत असेल की."

होत असे. मेडिकलचा अर्दली मागे उभा राहून आकडे कुजबुजायचा आणि आपण ते मोठ्याने सांगायचे. अर्दली माझा दोस्त होता. आकडे आदल्या दिवशी जेवणाच्या रांगेत सांगायचा. मीच मागायचो. तोफेवरून उतरवतील या भीतीने सलग सहा वर्षं. परवा याच वहीत लिहिलं की मला कुणी खोटारडा म्हटलेलं नाही. म्हटलं नाही हे खरं. कुणाला कळलंच नव्हतं.

येताना बसमध्ये टेस्ट ड्राइव्हचं कोडं सुटलं. चालवणारा उजवीकडे, मी डावीकडे. त्याचं सगळं बोलणं माझ्या मेलेल्या कानावर. अकरा माणसं मला प्रश्न विचारत राहिली आणि मी क्लचबद्दल सांगत राहिलो.

मॅनेजरला जाऊन सगळं सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला. वाईट माणूस नाही. म्हणाला, "हे गिऱ्हाइकाला कळू देऊ नका. बाईंना मी समजावतो, मागची सीट पाडायची सवय होईल त्यांना."

मी म्हटलं, "नाही होणार सर. माणूस बसतो तिथे."

१ मार्च, शनिवार

सकाळी मोजपट्टी घेऊन ग्रंथपालबाईंच्या घरी गेलो. दार त्यांनी अर्धंच उघडलं. मी म्हटलं, "तुम्ही दोनदा विचारलंत. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. ऐकू आलं नाही हे सांगायची लाज वाटते, म्हणून मी मान डोलावतो. तुमची खुर्ची मोजू द्याल?"

त्यांनी दार पूर्ण उघडलं. यजमानांनी स्वतःच खुर्चीची कडी काढायला मदत केली. लांबी, रुंदी, घडीची जाडी, पायटेकू काढून, लावून. मग दिवसभर फिरलो. आमच्या सहाही गाड्यांच्या डिक्या मोजल्या, मग रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये जाऊन त्यांच्या. तिथल्या पोराला वाटलं, गाडी घ्यायला आलोय. एका गाडीत खुर्ची बसते, वर चार बोटं जागा उरते. ती त्यांची, आमची नाही.

संध्याकाळी बाईंना सगळी मापं कागदावर लिहून दिली आणि आमचं बुकिंग रद्द करायचा अर्ज मीच लिहिला.

मॅनेजर आवाज न चढवता बोलला, म्हणजे फारच चिडला होता. "समोरच्याचं दुकान चालवायला पगार घेता का?" मग फळ्याजवळ गेला. डस्टर माझ्या हातात दिलं. माझी एक रेघ मीच पुसली.

३ मार्च

मास्तरणीची माफी मागितली. जेवणाच्या खोलीत, कोटसमोर, कारण बोललो होतो तेही सगळ्यांसमोर.

ती डबा उघडत म्हणाली, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"काय?"

"कान. प्रत्येक वर्गात एक असतो. ऐकू येत नाही, पण विचारायचीही चोरी. मग तो सगळ्याला हो म्हणतो आणि दुसऱ्याच्या वहीत बघतो. मी अशा मुलांना पुढच्या बाकावर आणून बसवायचे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

तिने घास खाली ठेवला. "जागा एकच आहे, फौजी. माझी मुलगी सात वर्षांची आहे."

कोट एकदम मोबाइलमध्ये शिरला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. घरी आल्यापासून विचार करतोय, मला तिचं असं काही कळलं असतं तर मी सांगितलं असतं का. ‘हो’ लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. हल्ली हो म्हणताना दचकतो.

६ मार्च, गुरुवार

पंचवीस दिवस उरलेत. मास्तरीण दहा, कोट सात, मी तीन.

आज नवी तऱ्हा. नवरा-बायको गाडी बघायला आले होते, दोघंही बेकरी चालवतात. मी म्हटलं, "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. तुम्ही दोघं पुढे बसा, मी चालवणाऱ्याच्या मागे बसतो. डावा कान तुमच्याकडे राहील. ऐकू नाही आलं तर पुन्हा विचारीन." तोंडातून निघाल्यावर पाठीला घाम फुटला. गोळीबारात फुटला नव्हता एवढा.

बाई म्हणाल्या, "आमच्या काकांचंही तसंच आहे," आणि बसल्या.

मग गंमत बघा. मी शेजारी नाही म्हटल्यावर ती दोघं एकमेकांशी बोलायला लागली. ती म्हणाली, पहाटे माल न्यायचा तर दार इतक्या मोठ्याने लागायला नको, शेजारी उठतात. तो म्हणाला, ट्रे सरळ राहिले पाहिजेत. मी मागून सगळं ऐकत होतो. परत आल्यावर इंजिनाचं अक्षरही काढलं नाही. दार चार वेळा लावून दाखवलं आणि डिकीत सपाट फळी कशी बसते ते दाखवलं.

एक रेघ.

१४ मार्च

सात दिवसांत आणखी तीन. चालवणाऱ्याच्या शेजारी त्याचं माणूस बसलं की गाडी त्यांची वाटायला लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सरळ विचारतो, ऐकलं नाही तर पुन्हा विचारतो. एक गृहस्थ मात्र म्हणाले, "बहिऱ्या माणसाकडून गाडी नको," आणि कोटकडे गेले. ते ऐकू आलं. डाव्या बाजूला उभे होते.

कोटही आता मागे बसतो. त्याचे दोन्ही कान ठणठणीत आहेत.

२३ मार्च, रविवार

मुलीला म्हटलं, "ते कॉलेजचं मला पुन्हा सांग. पहिल्यापासून." गच्चीच्या पायरीवर बसलो. ती माझ्या उजवीकडे टेकली, मग स्वतःच उठून डावीकडे आली.

चाळीस मिनिटं बोलली. वादळाची आगाऊ सूचना कशी काढतात, किती तास आधी कळलं तर किती होड्या वाचतात. नववीपासून ती एका वहीत रोजची हवा लिहून ठेवते, हे मला माहीत नव्हतं. गणितात ती मागे पडली होती, दोन वर्षं आईने बसून करून घेतलं, हेही. तिला हॉस्टेलची भीती वाटते. हे तिने सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू सांगितलं, पण मला ऐकू आलं.

मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी परत आलो आणि तू निघालीस."

"बाबा, तुम्ही जायचात तेव्हा मी कधी अडवलं का?"

अडवलं नव्हतं. फाटकाशी उभी राहायची, एवढी एवढीशी होती तेव्हाही.

"आता विचार," म्हटलं.

"जाऊ?"

"जा."

फॉर्मवर सही केली. गळ्यात पडली नाही या वेळी, माझा दंड धरून बसून राहिली. बायको वाळत घातलेले कपडे काढत होती. एकच चादर तिने तीनदा घडी घातली.

३१ मार्च, सोमवार

निकाल. मास्तरीण चौदा, मी बारा, कोट नऊ. जागा मास्तरणीची.

ग्रंथपालबाईंची रेघ राहिली असती तरी तेरा झाल्या असत्या, म्हणजे एकाने हरलोच असतो. मोजून बघितलं आणि बरं वाटलं. नाहीतर आयुष्यभर त्या रेघेकडे बोट दाखवत बसलो असतो.

मास्तरणीला हात जोडले. ती म्हणाली, "फौजी, तुम्ही महिनाभर उशिरा सुरुवात केलीत." तिचे डोळे भरले होते. माझ्यासाठी नसतील, स्वतःच्या सुटकेचे असतील. असू देत. मॅनेजरने प्रमाणपत्र दिलं, त्यात ‘प्रामाणिक’ शब्द दोनदा आहे. कोटने कोट काढून मला मिठी मारली. त्याला पहिल्यांदाच शर्टात बघितलं.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "आता?"

"उद्या टाय बांधून दे."

१ एप्रिल, मंगळवार

अर्ज घेऊन रस्ता ओलांडला. समोरच्या शोरूमच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, टेबलावर कागदांचा डोंगर. त्या टेबलाच्या उजव्या अंगाला बसल्या होत्या. मी खुर्ची उचलली आणि दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली. त्यांनी भुवया वर केल्या.

"मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. इकडून येतं. टेस्ट ड्राइव्हला मी मागे बसतो."

"म्हणजे तो कागद तुमचा?" त्यांनी खणातून एक झेरॉक्स काढली. माझ्या अक्षरातली मापं. "एक बाई हा घेऊन आल्या, लिहिणाऱ्याच्या कानाबद्दलही बोलल्या आणि थेट त्याच गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आमच्याच डिकीचं माप आमच्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. मी सगळ्यांना पाठ करायला लावलंय."

मला वाटलं, झालं काम. पण त्या व्यवहाराच्या पक्क्या. "कागदावर नोकरी देत नाही मी. पाच शिकाऊ, दोन जागा, तीन महिने. जमेल?"

हे मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आलं होतं. खात्री करून घेतली.

"जमेल," म्हटलं.

७ एप्रिल, सोमवार

पहिला दिवस. इथेही काच, इथेही फळा, पण फरशी खरखरीत आहे. सकाळी सगळ्यांना उभं करून मालकीणबाईंनी ओळख करून द्यायला सांगितली. बाकी चौघं माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असतील. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "तोफखान्यात होतो. उजवा कान तिथेच राहिला. माझ्याशी बोलायचं तर या बाजूने या. आणि मी उगाच मान डोलावतोय असं वाटलं तर तिथल्या तिथे टोका, मला राग येणार नाही. आला तरी टोका."

मागून कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे खो खो हसले.

मी वळलो. "काय म्हणालात?"

एक लांबुडका पोरगा कानापर्यंत लाल झाला होता. "काही नाही, सर."

"नाही, सांगा. ऐकू आलं नाही."

तो माझ्या डाव्या बाजूला आला आणि चाचरत पुन्हा बोलला. म्हणाला, यांच्या बायकोला भांडताना कुठल्या बाजूला उभं राहायचं ते बरोबर माहीत असेल.

विनोद काही फार भारी नव्हता. तरी हसलो. सगळ्यांच्या नंतर, एकटाच, पण हसलो.